बाळंतपण कागदावर येते तेव्हा

पाचवीच्या रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवायची रीत आमच्या मेहकरकडच्या घरात माझ्या लहानपणापर्यंत होती. रात्री सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते. सकाळी कागद कोराच असायचा. लिहिले ते कपाळावर, असे आजी सांगे. दोन वर्षांपूर्वी ते जुने घर उतरवताना माळ्यावर आजोबांच्या हातची एक लांबट वही सापडली. तीत कापसाचे भाव होते, सालदारांच्या उचली होत्या, आणि मधूनमधून जन्माच्या नोंदी होत्या: तिथी, वार, घटिका, पळे. पत्रिका करायला लागते म्हणून लिहिलेल्या. आजीची बाळंतपणे अकरा. 'अकरा झाली, सहा राहिली' हे वाक्य घरात इतक्यांदा ऐकले आहे की त्यातले दुःख कधी ऐकूच आले नाही. वहीत नोंदी होत्या पाच, पाचही मुलग्यांच्या. मुलींपैकी एकीचीही नाही, जन्मून लगेच गेलेल्यांची नाही, आणि पोटातच गेलेल्याची तर नाहीच.

आजी मात्र अकराही क्रमाने सांगायची. कुठले कोणत्या पावसाळ्यात झाले, कुठले आडवे आले, कोणाच्या वेळी वार अडकली आणि सुईणीने काय केले. डॉक्टर ज्याला प्रसूतीचा पूर्वेतिहास म्हणतात, तो तिच्या तोंडी संपूर्ण होता. कागदावर तो निम्माही नव्हता.

ती वही हातात असतानाच्या दिवसांत मी दुसऱ्या एका कागदाच्या नादी लागलो. नातसुनेच्या गरोदरपणात डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, ती कशासाठी हे शोधता शोधता एका वैद्यकीय नियतकालिकापाशी पोहोचलो. नाव 'बीएमसी प्रेग्नन्सी अँड चाइल्डबर्थ'. बीएमसी म्हटले की आपल्याला मुंबईची महापालिका आठवते. इथे त्याचा अर्थ बायोमेड सेंट्रल, म्हणजे प्रकाशकाचे नाव. २००१ पासून ते निघते, आणि केवळ गर्भारपण, प्रसूती आणि सुवेर एवढ्यालाच वाहिलेले आहे. वाचायला पैसे पडत नाहीत. खर्च वाचकाऐवजी लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेतला जातो. आलेला लेख संपादक त्या विषयातल्या जाणकारांकडे पाठवतो, ते शंका काढतात, लेखक उत्तरे देतो, आणि या मासिकात तर परीक्षकांचे ते शेरेही लेखासोबत उघड ठेवण्याची प्रथा पडली. मराठी साहित्यात अशी प्रथा सुरू झाली तर काय होईल, हा विचार मनात येऊन मी थोडा वेळ एकटाच हसलो.

अशा नियतकालिकाचे वजन ज्या मापाने मोजतात त्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात. हिशेब सोपा आहे. मागल्या दोन वर्षांत मासिकाने जेवढे लेख छापले, त्यांचा यंदा इतर संशोधकांनी एकूण किती वेळा उल्लेख केला ते मोजायचे आणि लेखांच्या संख्येने भागायचे. या मासिकाचा आकडा अलीकडे तीनच्या आसपास असतो. 'द लॅन्सेट'चा त्याच्या कित्येक पट. प्राध्यापकांच्या बढत्या, संस्थांचे अनुदान, सगळे या आकड्याकडे डोळे लावून असते. पण हा आकडा सांगतो ते इतकेच की एका संशोधकाचे दुसऱ्या संशोधकाने वाचले. लेखातली गोष्ट संग्रामपूर तालुक्यातल्या उपकेंद्राच्या प्रसूती टेबलापर्यंत आली की नाही, आली तर किती वर्षांनी, आणि कोणत्या रूपात, हे त्यात नाही. मला कुतूहल वाटले ते याचेच. आणि त्याचा माग काढताना लक्षात आले की या जगभरच्या संशोधनातले काही फार महत्त्वाचे धागे मराठी मुलखातून, आपल्या अगदी शेजारून गेलेले आहेत.

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करायला हवी, आणि ती केवळ रिवाज म्हणून नव्हे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या अमेरिकेत गेल्या, आणि १८८६ साली पेन्सिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यांच्या पदवीचे कौतुक आपण करतो, प्रबंधाच्या विषयाकडे क्वचितच पाहतो. मूल गमावलेल्या एका मुलीने बाळंतपण हा विषय अभ्यासाचा म्हणून निवडला. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, त्या गेल्या.

त्यानंतरचा काळ रुग्णालयांचा आणि शस्त्रक्रियांचा. एकेक निष्णात डॉक्टर, त्याचा हात, त्याची युक्ती, आणि ती सांगणारा चार पानी लेख. यातले आपले मोठे नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. मूळचे शिरोड्याचे. ज्या बायकांचे गर्भाशयाचे तोंड चौथ्या-पाचव्या महिन्यात आपोआप उघडते आणि दर खेपेला गर्भ पडतो, त्यांच्यासाठी त्यांनी त्या तोंडाला टाका घालण्याची पद्धत बसवली. १९५५ साली ती प्रसिद्ध झाली, तीही लंडन-न्यूयॉर्कच्या कुठल्या मासिकात नव्हे, तर मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात. आज जगभर त्याला शिरोडकर टाका म्हणतात. योगायोग असा की त्याच १९५५ मध्ये यूजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थाने 'सायन्स'मध्ये लेख लिहून संशोधनाचा प्रभाव उल्लेखांवरून मोजण्याची कल्पना मांडली. त्या मापाने तोलले असते तर मद्रासच्या त्या मासिकाला कोणी फारसे विचारले नसते. टाका मात्र जगभर गेला.

पुढचे वळण खेड्यांकडे आले. रुग्णालयात येतात त्यांच्याविषयी डॉक्टर लिहू शकतो. येतच नाहीत त्यांचे काय? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या लेखानुसार ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधीही तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, हे 'बाईच्या जातीचे' म्हणून सोडून दिलेले सगळे आजार होते. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्यांनीच दाखवले की गावातल्या शिकवलेल्या बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळाचे वजन करते, अंगाला हात लावून ताप पाहते, त्याच्या मुळाशी ते काम आहे. पण मला या मालिकेतला कमी गाजलेला अभ्यास जास्त भिडला. घरी बाळंत झालेल्या ७७२ बायकांचा त्यांनी मागोवा घेतला. निम्म्याहून अधिक जणींना बाळंतपणात किंवा सुवेरात काही तरी आजार झाला होता, आणि साधारण दर सहा-सात जणींत एकीला तातडीची मदत लागणार होती. आजीची अकरा बाळंतपणे मी त्या तक्त्यात मनातल्या मनात भरून पाहिली. ती चांगलीच नशिबाची निघाली.

त्याच दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर बायकांचे ताट तपासत होते. त्यांना आढळले की हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या खाण्यात अधिक, त्यांची बाळे मोठी. आणखी एक विलक्षण गोष्ट हाती लागली. त्या गावांतले बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे, पण आपल्या काटकुळ्या बाळाच्या अंगावर त्या मानाने चरबी टिकून होती, कमी होते ते स्नायू. पुढे आयुष्यात मधुमेहाकडे झुकण्याची तयारी पोटातच सुरू झालेली. वऱ्हाडात घरोघरी सापडणाऱ्या साखरेच्या रोग्यांकडे पाहताना हे आठवते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

बाळंतपणात बाई मरते ती सर्वांत जास्त वेळा रक्त जाऊन. वार पडल्यावर गर्भाशय आवळले नाही तर तासा-दोन तासांत खेळ संपतो. पुस्तकात व्याख्या आहे: ५०० मिलिलीटरहून अधिक रक्त गेले तर तो धोक्याचा रक्तस्राव. पण ५०० मिलिलीटर म्हणजे किती, हे सांगणार कोण? रक्त कापडात मुरते, बाजेखाली सांडते, पाण्यात मिसळते. दाई आणि डॉक्टर दोघेही नजरेने अंदाज करतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी घेतली तेव्हा पहिला प्रश्न हाच उभा राहिला. त्यासाठी त्यांनी प्लॅस्टिकचे एक साधे साधन केले: बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायचे, कमरेला बांधायचे, आणि पुढे नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, तिच्यावर मापाच्या खुणा. रक्त त्या पिशवीत उतरते आणि खुणेवर बोट ठेवून सांगता येते. मग त्यांनी तुलना केली. १२३ बाळंतिणींत नजरेचा अंदाज सरासरी सुमारे २०३ मिलिलीटर आला, पिशवीचा सुमारे ३०३. शिकलेली, अनुभवी नजर तीन भागांतला एक भाग रक्त बघतच नव्हती.

हा निष्कर्ष २००६ मध्ये छापून आला. त्याच वर्षी मूळ चाचणीचाही निकाल 'लॅन्सेट'मध्ये आला. १६२० बायका, बाळंतपण करणाऱ्या आरोग्यसेविका, घर किंवा उपकेंद्र. निम्म्या जणींना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. इंजेक्शनला शीतपेटी लागते आणि टोचणारा हात लागतो. गोळीला पाणी पुरते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी ती घेतली.

पिशवीचे काय झाले? ती कितीतरी वर्षे संशोधनाचे अवजार म्हणूनच राहिली. तिने रक्त मोजायचे आणि लेख लिहायचे. मोजल्याने बाई वाचते का, हे सिद्ध झाले नव्हते. ते दिसले आफ्रिकेत. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० रुग्णालये आणि दोन लाखांवर बायका. अर्ध्या रुग्णालयांत अशी मापाची पिशवी वापरली, आणि खूण ओलांडताच गर्भाशय चोळणे, औषधे, सलाइन, तपासणी हे सगळे एकामागून एक न थांबता एकदमच सुरू करण्याची शिकवण दिली. २०२३ मध्ये निकाल आला. एक लिटरहून अधिक रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्याने मृत्यू येणे, यांचे प्रमाण एरवी ४.३ टक्के, पिशवीच्या रुग्णालयांत १.६ टक्के. आणि रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ वरून ९३ टक्क्यांवर गेले. बेळगावच्या खेड्यांत आखलेल्या एका पिशवीला हे अंतर कापायला सतरा वर्षे लागली. संशोधनाचा प्रवास असाच होतो, रेल्वेच्या वेळापत्रकाने होत नाही, हे कबूल. पण त्या सतरा वर्षांत नजरेच्या अंदाजावर किती बायका गेल्या असतील, हा हिशेब कुठल्याच मासिकाच्या अंकात बसत नाही.

दुसरी गोष्ट उलट्या दिशेची आहे, आणि तिच्यात नागपूर आहे. नववा महिना भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. आईला आधी स्टिरॉइडची इंजेक्शने दिली तर ती लवकर पिकतात, हे १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवले. पुढे वीस वर्षे हा उपाय बहुतेक डॉक्टरांनी अंगीकारला नाही. वेगवेगळ्या लहान चाचण्यांचे निकाल कोणी एकत्र मांडून पाहिले नव्हते. ते मांडले गेले तेव्हा काढलेला आलेख पुढे कॉक्रेन या संस्थेचे बोधचिन्ह झाला: वाचू शकली असती अशा बाळांची ती आठवण. साहजिकच वाटले की हे औषध खेड्यापाड्यांत पोहोचवावे. सहा देशांत, त्यात आपल्याकडे नागपूर आणि बेळगाव, जवळपास एक लाख जन्मांवर ती मोठी चाचणी झाली. आरोग्य सेवकांना अवेळी प्रसूतीचा धोका ओळखायला शिकवले, इंजेक्शनांचे संच दिले.

२०१५ मध्ये निकाल लागला आणि सगळे गप्प झाले. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि एकूण बाळांत, हजारी साडेतीन मृत्यू जास्त झाले. आयांमध्ये जंतुसंसर्गाच्या शंकाही वाढल्या. ज्या खेड्यात गर्भाचे वय नेमके सांगायला साधन नाही, अवेळी आलेल्या बाळाला पुढे सांभाळायला कक्ष नाही, तिथे नुसते इंजेक्शन पोहोचवल्याने भले झाले नाही. संशोधकांनी हे जसेच्या तसे छापले. मला विचाराल तर या साऱ्या वाङ्मयातला तो सर्वांत धैर्याचा लेख. पाच वर्षांनी, २०२० मध्ये, भारतासह पाच देशांत पुन्हा चाचणी झाली. या वेळी सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवता येते आणि बाळ सांभाळता येते अशाच रुग्णालयांत. तिथे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच. फरक पडला तो जागेमुळे. 'शास्त्रात सिद्ध झाले आहे' असे कोणी म्हटले की 'कुठे?' असे विचारायची सवय मला तेव्हापासून लागली.

आणि नातसुनेची गोळी? ती कमी मात्रेची अॅस्पिरिन होती. पहिलटकरणींना गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांपासून ती दिली तर अवेळी प्रसूती थोड्या कमी होतात, १३.१ टक्क्यांऐवजी ११.६, असे सहा देशांतल्या जवळपास बारा हजार बायकांवरच्या चाचणीत २०२० मध्ये दिसले. नागपूर आणि बेळगाव याही यादीत आहेत. इथे एक खास आपल्याकडची अडचण लक्षात घ्यावी लागते. चाचणी पहिलटकरणींची, आणि आपली पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. नोंद नवऱ्याच्या गावी, बाळंतपण शंभर कोसांवर, तिथली आरोग्यसेविका वेगळी, कार्ड सासरी विसरलेले. डोहाळजेवणानंतर बाईचा माग काढणे हे विदर्भात संशोधन करणाऱ्याचे खरे कसब. पाश्चात्त्य पुस्तकात त्यावर प्रकरण सापडणार नाही.

आता माझ्या जिल्ह्याकडे वळतो, कारण इथे एक संशोधन फार लवकर पोहोचले. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला: धातूतल्या भेगा शोधायला वापरत त्या ध्वनिलहरींनी पोटातल्या गाठी आणि गर्भ पाहता येतात. प्रसूतिशास्त्राला त्या एका लेखाने डोळे दिले असे म्हटले तरी चालेल. गर्भाचे वय, जुळे, खाली सरकलेली वार, सगळे दिसू लागले. स्टिरॉइडच्या दुसऱ्या चाचणीला यश आले ते याच डोळ्यांमुळे. पण बुलढाणा जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९०८ होत्या, २०११ मध्ये ८५५. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही हे आकडे. दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी लाखोंची गर्दी लोटते, तो तालुका याच जिल्ह्यात आहे. आजोबांच्या वहीत मुली लिहिल्या गेल्या नाहीत, पण जन्मल्या तरी होत्या. पालेभाजीचा निष्कर्ष, गोळीचा निष्कर्ष, पिशवीचा निष्कर्ष यांपैकी काहीही जिल्ह्यात त्या यंत्राच्या वेगाने आले नाही. कारण उघड आहे: यंत्राला गिऱ्हाईक होते.

अलीकडच्या अंकांत आणखी एक बदल दिसतो. पूर्वी लेखांत मृत्यू मोजलेले असत. महाराष्ट्रात २०१८-२० च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ पर्यंत उतरले, देशात ९७. मरणे कमी झाले की मरता मरता वाचलेल्यांकडे लक्ष जाते, आणि नंतर, फार उशिरा, बाईला काय वाटले याकडे. बाळंतपणानंतरचे नैराश्य, प्रसूतिगृहातली शिवीगाळ, थापट्या, सोबतीला कोणाला येऊ न देणे, हे विषय आता संशोधनाचे झाले आहेत. माझ्या भाचीला एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात बारा तास एकटे ठेवले होते. आई बाहेर बाकावर. 'पुढे सरकत नाही' म्हणून शेवटी सिझेरियन केले. मुलगा धडधाकट आहे, म्हणून कोणी तक्रार केली नाही, भाचीनेही नाही. ती फक्त दुसऱ्याचा विषय काढू देत नाही.

हे 'पुढे सरकणे' मोजायचे माप आले कुठून, हेही मनोरंजक आहे. १९५५ मध्ये (हे साल पुन्हा पुन्हा येते) न्यूयॉर्कच्या फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या कळांचा आलेख काढला. १९७२ मध्ये आजच्या झिम्बाब्वेत फिलपॉट आणि कॅसल यांनी तशा आलेखावर धोक्याची रेघ ओढली: तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडले पाहिजे. जगभरच्या बायका पुढची कित्येक वर्षे त्या अपेक्षेवर तोलल्या गेल्या. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की हा वेग पुष्कळ बायकांच्या बाबतीत अवास्तव आहे, तेवढ्यावरून कोणाला कापायला घेऊ नका; आणि बाईला हवी ती सोबत आत असू द्या. सुईण हे दुसरे तरी न सांगता करत होती. तिच्या हाती स्वच्छता नव्हती, औषध नव्हते, अडलेल्या बाईला न्यायला गाडी नव्हती, म्हणून तिची आरती ओवाळायची गरज नाही. पण तिच्या बाळंतिणीचा हात कोणी तरी धरलेला असे.

बुलढाण्याला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. इतकी वर्षे या जिल्ह्यातल्या तेरा तालुक्यांची बाळंतपणे दुसरीकडच्या अभ्यासांवरून अदमासली जात होती. नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर, गडचिरोली त्याही पलीकडे. आता इथली पोरे इथल्या आयांवर प्रबंध लिहितील. जळगाव जामोद आणि संग्रामपूरची सातपुड्याच्या पायथ्याची गावे, मेहकर-लोणारची पठारावरची गावे, आणि कामासाठी परजिल्ह्यात जाणारी कुटुंबे, यांची बाळंतपणे एकसारखी नसणार. पहिल्या प्रबंधाला विषय सुचवायचा झाला तर मी माहेर सुचवीन. सातव्या महिन्यात जिल्ह्याबाहेर गेलेल्या बायकांचे काय झाले, एवढेच. त्याला यंत्र लागत नाही, चिकाटी लागते.

गेल्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला एका लग्नाला गेलो होतो. शेजारच्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका पंगतीत बाजूला बसल्या होत्या. वीस वर्षांची नोकरी, बाळंतपणे किती केली त्याची मोजदाद नाही म्हणाल्या. मी विचारले, रक्त जास्त गेले हे कसे ओळखता?

"कापड किती भिजलं ते पाहतो ना भाऊ. आणि बाईचं तोंड पाहतो. पांढरं पडलं की गाडी बोलावतो."

मी त्यांना मोबाइलवर त्या पिशवीचे चित्र दाखवले, बेळगाव सांगितले, २०३ आणि ३०३ सांगितले. त्यांनी चष्मा वर करून चित्र मोठे केले, खुणा नीट पाहिल्या. मग लेखावर बोट फिरवत वर-खाली गेल्या.

"हे वाचायला फुकट आहे म्हणता?"

हो म्हणालो.

"मराठीत आहे का?"

तेवढ्यात वाढपी जिलबी घेऊन आला.